तीन दरपत्रकं

नियम असा, की तीन दरपत्रकं मागवायची
आणि सर्वांत स्वस्त ते घ्यायचं.
अडावदच्या आमच्या शाळेत
बाकं अशीच आली, पाण्याची टाकी अशीच आली.
घंटा तेवढी जुनी, ती कुणी विकत घेतली नव्हती.

आता सर्व्हर.
बावीस संगणक, प्रत्येकाची खोड वेगळी.
सात नंबर तारीख विसरतो.
अकरावर केलेलं काम चौदावर बसलं की सापडत नाही.
गेल्या वर्षी एक डिस्क दोन दिवस टकटक करत राहिली आणि गेली,
तिच्यासोबत दर्शना बाविस्करचा तक्ता,
केळीच्या घडांची वजनं, रोजच्या रोज, जूनपासून.
थोडंसं वहीत आहे माझ्याकडे, एवढंच म्हणाली ती.

पहिलं दरपत्रक पुण्याचं:
कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेला रॅक सर्व्हर,
मेमरी एवढी की अख्खा तालुका मावेल,
आवाज पिठाच्या गिरणीचा.
त्याला एसी लागतो.
वीजबिल कोण भरणार, ते दरपत्रकात नसतं.

दुसरं नवं कोरं, तीन वर्षांची हमी.
किंमत वाचून बडगुजर मॅडमनी चष्मा पुसला.
पुन्हा तोच आकडा.

तिसरं जळगावच्या खेमचंदशेठचं, हाती लिहिलेलं,
खाली चहाच्या कपाचा गोल:
साधा डबा, दोन डिस्का, मोठी बॅटरी.

धुडकूभाऊंनी झाडता झाडता विचारलं,
येले बी ऊन लागस का, मॅडम?

कोणत्याच कागदावर ऊन नव्हतं.
भौतिकशास्त्राच्या कपाटातला थर्मामीटर काढला,
एप्रिलभर टांगला.
लॅबमध्ये, पत्र्याखाली, दुपारी तीनला त्रेचाळीस.
वाचनालयामागच्या नकाशांच्या खोलीत चौतीस.
जाड भिंत, उत्तरेची खिडकी,
गुंडाळून ठेवलेले पाच खंड.
आधी जागा ठरली, यंत्र मागून.
पण स्वस्त तर पुण्याचंच होतं.
मॅडमनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
'सदर यंत्रास ऊन लागते, सबब नामंजूर.'

मग म्हणाल्या, दोन डिस्का कशाला?
म्हटलं, कार्बन पेपर. इथे लिहिलं की तिथे उमटतं,
एक फाटली तर दुसरी आहे.
आणि चुकून खोडलं तर?
तीस वर्षं फीच्या पावत्या फाडलेल्या बाईचा प्रश्न.
दोन्हीकडे खोडलं जातं, मी म्हणाले,
आणि म्हणता म्हणता मलाच कळलं
पैसे कुठे घालायचे ते.
मेमरी निम्मी केली, तिसरी डिस्क घेतली.
ती एरवी कशालाच जोडलेली नसते.
दर शनिवारी नक्कल उतरवून घेते
आणि चोपड्याच्या एसटीत माझ्या मांडीवर बसून येते,
उरलेल्या कळण्याच्या भाकरीशेजारी.
कंडक्टर विचारतो, काय सांभाळता एवढं?
केळीची वजनं, मी सांगते.

यंत्र लागलं त्या सकाळी पडद्यावर एक चौकट आली:
नाव?
पोरं ओरडली, वज्र! गरुड! महाबली!
धुडकूभाऊ दारातच होते, फडकं खांद्यावर.
आमच्या आधी तिघं गेली, म्हणाले,
म्हणून मायनं फेकून द्यायचं नाव ठेवलं मला.
मरणाला वाटावं, याच्यात काय न्यायचं.
भारी नाव नका ठेवू. नजर लागी.

मी टाइप केलं: केरू.

पोरं हसेपर्यंत लाइट गेली.
बावीस पडदे एकदम काळे.
मागच्या खोलीत बॅटरीनं टिटवीसारखी एक शिट्टी दिली
आणि पुन्हा आपलं काम धरलं.
धुडकूभाऊ आत जाऊन थर्मामीटर बघून आले,
तेहेतीस, म्हणाले,
आणि खिडकीवर ओलं पोतं टाकायला गेले.