खालची बाजू

पान मधल्या वयाचं घ्या, म्हटलं मी.
फार कोवळं फाटतं, निबरावर धूळ बसलेली असते.
शाळेच्या कुंपणालाच मँडरिनची झाडं,
कोबुलेतीत अंगण तिथे झाड,
तरी झाझा सगळ्यात मोठं पान घेऊन आला, फळासकट.

बिनरंगी नेलपॉलिश आणायला सांगितलं होतं.
तेओनाने आणलं ते लाल.
"आईचं. घरात एवढंच उरलंय."
आई इटलीत, बारीला. तिथल्या एका म्हातारीला
भरवते, कूस बदलून देते. पाचवं वर्ष.
बाटलीचं झाकण जाम.
गरम पाण्यात धरलं, रुमालाने पिळलं, शेवटी दात लावले.
तळाशी दोन नखांपुरता ऐवज.

पान उलटं करा.
वरची बाजू उन्हाला दाखवायची,
श्वासाचा कारभार खालून चालतो.
शिरेच्या शेजारी पातळ एक हात.
फुंकर घालू नका, बुडबुडे येतात.
दहा मिनिटं.

दहा मिनिटं कुठला वर्ग गप्प बसतो?
झाझाने मँडरिन सोलून फोडी वाटल्या.
समुद्राकडून ढग आला.
आमचा जुना मायक्रोस्कोप आरशावर चालतो,
खिडकीत असेल तेवढाच त्याचा उजेड.
तेओना पानावर वाकलेली,
बोट जवळ न्यायची, मागे घ्यायची.

चिकटपट्टी. दाबा. आता एका कडेने, घाई नको.
सुटलं.
गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्याहून झिरझिरीत.
पान तसंच्या तसं हिरवं, त्याचं काही गेलं नाही.

आधी तिला स्वतःच्या पापणीचे केसच दिसले.
सगळ्यांना दिसतात.
मग स्क्रू अर्धा आटा मागे,
आणि ती बोलायची थांबली.

"बाई, उघडी आहेत!"
काही उघडी, काही मिटलेली. मोज.
"एकवीस... हे धरू? अर्धं बाहेर आहे."
डाव्या कडेचं धर, उजव्या कडेचं सोड. नियम आहे.

सांगायला हवं होतं, हा नुसता ठसा,
पॉलिश वाळलं त्या घटकेचा. रंध्रं पानावरच राहिली.
पुस्तकात तसं वाक्य आहे, परीक्षेला येतं.
मी फळा पुसत राहिले, पुसून झालेला.

घंटा झाली. तिने स्लाइडवर लिहिलं
नाव, तारीख, झाड, "खालची बाजू".
मग बाटलीतला ब्रश
करंगळीच्या नखावर घासून पाहिला.
पुसट आला रंग.
झाकण मात्र घट्ट लावलं तिने,
माझ्या दातांनाही उघडणार नाही इतकं.