निशाणी नांगर

शिवाजीनगर कोर्टामागे, झेरॉक्सवाल्याला लागून
माझं टेबल. मोडी वाचून मिळेल.
पानाला दोनशे,
वाळवी लागलेली असेल तर अडीचशे.

सोपानराव झांबरे पिशवी उपडी करतात.
चुलतभावाशी दावा, चिंचमळ्याचे सव्वीस गुंठे,
आणि बिल्डरनं पाटी तर आधीच लावलेली.
"आमचं नाव शोधा यात, बाई. असणारच."

वर इंग्रजांचा सर्व्हे, ताठ इस्त्री केल्यासारखा.
ओढ्यालाही नंबर टाकलाय.
त्याखाली सनद पेशवाईतली, घाईत लिहिलेली,
अक्षरं एकमेकांच्या पायात पाय घालून पळतायत.
त्याखाली मोगलांचा कागद,
ज्यात पुणं नाहीच, मुहियाबाद आहे.
मंडईत कोणी विचारलं असेल का कधी,
मुहियाबादेत वांगी काय भाव?

फारसी मला येत नाही.
ती कोंढव्याला मुनीरचाचांकडे जाते.
चाचा चष्मा पुसून म्हणतात,
"नवीन काही नाही, बेटा.
जोवर चंद्रसूर्य आहेत, तोवर."
सनदेतही तेच. ताम्रपटावरही तेच कोरायचे
राष्ट्रकूट, यादव, त्यांच्या मागचे, पुढचे.
प्रत्येक राज्यानं साक्षीला उभे केले
तेच दोघं जण
आणि एकदाही उलटतपासणी झाली नाही.

मळ्याच्या कोपऱ्यात एक दगड आहे म्हणतात सोपानराव,
शेंदूर फासलेला, म्हसोबा.
मी पाहून आले. शेंदराखाली गाढव आहे.
जो हे दान मोडील त्याला शिवी,
आईवरून, दगडात.
मोडणारे आले, गेले, त्यांनीही दानं दिली.
दगडाला लोक नारळ फोडतात.

तळाचा कागद उचलताना मी पंखा बंद करते.
सुहूर सन इहिदे अर्बैन अलफ. कौलनामा.
'कसबा वैरान जाहला. गाढवांचा नांगर फिरला.
पहार ठोकून फुटके पायताण टांगिले.
कोणी वस्तीस धजत नाही. तरी तुम्ही येणे.
कीर्द करणे. पहिले साल माफ.'

ती गाढवं विजापुराहून थोडीच आणली असतील?
कसब्यातल्याच कुंभाराची असणार.
वेठीला. भाडं मिळालं नसणार.
संध्याकाळी त्यानं त्यांना पाणी पाजलं असेल,
नदीवर, जिथे रोज पाजायचा तिथेच,
आणि मागे वळून पाहिलं असेल की नाही, कागदात नाही.

"नाव, बाई?"

नाव नाहीये, सोपानराव.
शेवटी गोही आहेत, साक्षीदार.
पाटील, निशाणी नांगर.
सुतार, निशाणी किंकरे.
न्हावी, निशाणी आरसा.
नांगर तेवढा बघा,
फाळ डावीकडे कललाय, बोरू अडखळलाय,
लिहिण्याची सवय नसलेल्या माणसानं काढलाय.

ते वाकून बघतात. बराच वेळ.
मोबाईल काढून फोटो घेतात.
"कोर्टात चालंल हे?"
नाही.
"असू द्या." अडीचशे मोजून ठेवतात, सुट्टे.
मग बोट कागदावर न टेकवता विचारतात,
"अन् हे काय खाली? साप?"

दोर आहे. महाराची निशाणी.
हद्दीचं भांडण झालं की त्यालाच पुढे करायचे,
शिव कुठे ते त्याच्याच तोंडून ठरायचं.
"मग त्याचा मळा कोणता?"

मी सगळे कागद पुन्हा उलटते.
सर्व्हे, सनद, चाचांचं भाषांतर, कौल.
पूर्वेस ओढा. पश्चिमेस गाडीवाट.
दक्षिणेस देवस्थान. उत्तरेस पाटलाचे शेत.

झेरॉक्सवाला हाका मारतोय, लाइट जायच्या आत या.
मी शाईचं पॅड उघडते
आणि प्रत्येक पानावर शिक्का दाबते, नीट, कडेला:
खरी नक्कल.
रत्नप्रभा तराळ,
मोडी लिप्यंतरकार, पुणे.