बाद माल

फळ्यावर नाव लिहिते: व्हर्ना हुडाक.
त्यातला ‘ह’ स्पष्ट म्हणा.
माझ्या आजोबांचा ‘ह’ बंदरावरच्या कारकुनाने खाल्ला होता,
तो परत मागून घ्यायला दोन पिढ्या गेल्या.

प्रोफेसर म्हणू नका.
प्रोफेसरला खोली असते, दारावर पाटी,
आणि आजारी पडायची मुभा.
मी एका सत्राच्या करारावर.
सोमवारी-बुधवारी इथे, मंगळवारी नदीपलीकडे,
गुरुवारी तुरुंगाच्या वाचनालयात.
माझं ऑफिस बाहेर उभं आहे, निळं, एक दिवा फुटलेला:
डिकीत निबंध, बर्फ खरवडायचं फावडं,
आणि एक शब्दकोश, ज्याची शेवटची पानं उंदरांनी नेली.

बावीस वर्षं.

वडील काचकारखान्यात तपासनीस होते,
ओहायो नदीच्या काठी. आता तिथे गोदाम आहे.
आठ तास उभ्याने
एकेक ग्लास दिव्यापुढे धरायचा.
आत बुडबुडा दिसला, डावीकडे.
नाही दिसला, उजवीकडे.
घरी जेवताना काटासुद्धा उजेडात धरून बघायचे.
आई म्हणायची, त्यांच्यापुढे फार वेळ उभी राहू नकोस,
बाद करतील.

घरात स्लोव्हाक होती, रागावण्यापुरती.
इंग्रजी मी शिकले रात्रपाळीत,
वृद्धाश्रमात चादरी बदलत,
बारा नंबरच्या म्हातारीला वाचून दाखवता दाखवता.
ती गेली तेव्हा अर्धं पुस्तक शिल्लक होतं.
तिची खाट धुऊन झाल्यावर
उरलेलं मी तिथेच बसून मोठ्याने वाचलं.
मुलाखतीत विचारतात, या विषयाकडे कशा वळलात?
मी काहीतरी दुसरंच सांगते.

तिसऱ्या वर्षी वर्गात एक वेल्डर होता, लेलंड.
त्याने तीन पानं लिहिली, एकाच वाक्यात:
भाऊ गोठलेल्या तळ्यावर गेला आणि बर्फ आणि मी आणि हाक आणि
कुठे थांबलाच नव्हता.
मी एक्केचाळीस स्वल्पविराम घातले, लाल शाईने.
सगळे बरोबर होते.
आजही बरोबरच म्हणेन.
पुढच्या सोमवारी त्याची खुर्ची रिकामी.
त्याच्या पुढच्याही.

बाद झालेले ग्लास वडील घरी आणायचे, फुकट मिळत.
आम्ही चौघं भावंडं त्यांतूनच दूध प्यायलो.
एकदा विचारलं, हा बुडबुडा म्हणजे काय असतो?
म्हणाले, फुंकणाऱ्याचा श्वास. राहून गेलेला.
खरं नव्हतं ते.
तिथे सगळं यंत्रावर व्हायचं, वितळताना हवा अडकते, इतकंच.
पण या माणसाने आयुष्यात केलेली
तेवढी एकच उपमा मला ठाऊक आहे.

असो. वह्या काढा.
एक पान. कशावरही.
थांबावंसं वाटेल तिथे थांबा,
नाही थांबता आलं तर राहू द्या.
लाल पेन गाडीत आहे, आज आणायला जाणार नाही.
आणि मागे कोण बसलंय,
ते दार तेवढं ओढून घ्या,
नदीवरचा वारा आत येतोय.