एक किल्ली

ब्रह्मपुरीत खोली मिळाली,
कुलपाला किल्ली एकच.
दुसरी आधीच्या पोरांनी हरवली,
घरमालक म्हणाला, घ्या ना करून.

मनिराम कोरेटी, कोरचीकडचा.
पहाटे चारला उठून
झाडांची लॅटिन नावं मोठ्यानं घोकायचा.
मी उशीखालून शिव्या.

भांडण मात्र कूलरवरून.
तोंड कुणाच्या खाटेकडं,
पाणी कुणी भरायचं.
मे महिना, डोक्यावर पत्रे,
अकरा दिवस अबोला.

तरी जो मागून निघेल
त्यानं किल्ली दाराजवळच्या फाटक्या बुटात टाकायची,
हे दोघंही एकदाही चुकलो नाही.

बाराव्या दिवशी बुटात हात घातला
तर बोटं चिकट.
चार पिकली टेंभरं, त्यातलं एक फुटलेलं,
किल्ली त्याच्या रसात,
आणि वहीचा चतकोर:
‘पानी भरलो. तोंड तुयाकडं केलो.’

रात्री मी कूलर मधोमध फिरवला.
वारा धड कुणालाच लागला नाही,
दोन खाटांमधली घागर तेवढी गार झाली.

बसस्टँडसमोर किल्ल्या करणारा बसतो,
वीस रुपयात एक.
त्याच्यापुढून आम्ही
तीन वर्षं मेसला गेलो.