सात सेंट

बापाचे चेक अजून येतात.
कधी चार डॉलर, कधी एक डॉलर अकरा सेंट.
मागच्या मंगळवारी सात सेंटचा आला,
पाकिटावरचं तिकीट त्याच्या कितीतरी पट महाग.
कुठल्याशा देशात, रात्री अडीच वाजता,
झोप न येणाऱ्या कुणासमोर
ऑर्विल हॅस्केट पुन्हा घोड्यावरून पडला असणार.

त्याची एक वही होती. हिशेबाची, लाल कडांची.
तीनशे बारा कामं. स्वतःचं नाव असलेली थोडी,
बाकी तिसरा साक्षीदार, बारमधला माणूस, हमाल.
प्रत्येकापुढे एक शब्द:
गोळी. फास. गोळी. साप. न्यूमोनिया. गोळी.
न्यायाधीश झाला त्या ओळींपुढे काहीच नाही.
न्यायाधीश मरत नाहीत, म्हणायचा,
नुसते बसून कंबर धरते.

बरबँकच्या स्वयंपाकघरात तो मरणाची तालीम करायचा.
आई बटाटे सोलता सोलता म्हणे,
"गालिच्यावर नको, कालच धुतलाय."
मग तो सरकून फरशीवर मरायचा
आणि मी, सहा वर्षांची, त्याच्या पोटाला कान लावून
आतली गुडगुड ऐकायचे.

नेब्रास्काहून आला तेव्हा त्याला वाटायचं,
नाक सरळ असतं तर.
पण घर चालवलं ते नाकानेच.
त्यावर टोपी चढवली की शेरीफ,
उतरवली की शेरीफने धरून आणलेला.

एकदाच मोठं काम मिळालं. चार पानांचं भाषण,
खुर्चीतला म्हातारा मुलाला सगळं सांगून टाकतो.
आम्ही झाडून सगळे गेलो,
मावशी तर लिंकनहून बसने आलेली.
भाषण कापलं होतं.
पडद्यावर फक्त खुर्ची,
मुलगा तिच्याकडे एकदा बघतो आणि दाराबाहेर जातो.
दिवे लागले. कुणी कुणाकडे बघेना.
"खुर्ची चांगली होती," बाप म्हणाला.
मावशीने पॉपकॉर्न पुढे केलं. त्याने मूठभर घेतलं.

लोक ओळखायचे त्याला, पण भलताच म्हणून.
व्हॅन नाइसच्या पंपावर पेट्रोल भरणारा पोरगा थबकला:
"सर, तुम्ही ओमाहाला गणित शिकवायचात ना?"
आता सांगेल, आता सांगेल, मी वाट बघत होते.
"हो," बाप म्हणाला. "भाऊ कसा आहे?"
पोरगा खुलला. भाऊ नौदलात होता.
गाडी वळल्यावर मी विचारलं, खोटं कशाला?
"त्याला मास्तर हवा होता.
छोटं काम. केलं."

गेला तो फेब्रुवारीत,
बागेतला नळ बंद केलास का, हे विचारताना,
अर्ध्या वाक्यात.
वहीत मी तीनशे तेरावी ओळ आखली.
पुढे काय लिहावं सुचेना.
नळ, असं लिहिलं.

चर्चमध्ये अकरा माणसं.
मागच्या बाकावर एक टकला, हातात टोपी चुरगळत.
सगळे पांगल्यावर जवळ आला.
"आम्हाला शिकवायचे," म्हणाला, "ओमाहाला.
अपूर्णांक मला कळले ते त्यांच्यामुळेच."
त्याच्या नखांत अजून ग्रीस होतं.

"हो," मी म्हणाले.
"भाऊ कसा आहे?"