दहिवर

आज संध्याकाळी वारा पडला,
झाडांनी श्वास आत घेऊन
सोडायचाच विसरावा, तसा.
आभाळ घासलेल्या कळशीसारखं,
ढगाचं एक बोटसुद्धा उमटलेलं नाही.
असं झालं की रात्री थंडी निघते
लिंगमळ्याच्या उतारावरून,
अनवाणी, कुणाला न उठवता,
आणि वेण्णा तलावाच्या काठाशी येऊन बसते.

सहाला इनामदारांचा फोन. पेपरवाले.
"वहिनी, उद्या पडणार का हो?"
जसं काही मीच पाडते.
"पडलं तर जीपच्या टपावरचं पुसू नका,
साडेपाचला येतो फोटोला.
आणि गेल्या वर्षीसारखं ओंजळीत धरून उभ्या राहा,
छान आलं होतं."

तो फोटो टपरीच्या फळीवर आहे अजून,
चहाच्या वाफेनं एक कोपरा सुटलाय.
ओंजळीत पांढरं काहीतरी, आणि माझं हसू.
खाली छापलंय : पर्यटकांत आनंद.
ओढ्यापलीकडचे वीस गुंठे
त्या फोटोत मावले नाहीत.
त्याच पहाटे तिथे
स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक पांढऱ्या फुलात मधोमध
काळा ठिपका,
कुणी विडी विझवून गेल्यासारखा.

बातमी आली की पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते.
शनिवारी तीनशे कप, रविवारी मोजत नाही.
मक्याची भजी तळताना माझा हात भाजतो
आणि मला कळतही नाही.
दिगंबर मात्र त्या दोन दिवसांत
माझ्याकडे टपरीवर येत नाही.
भांडण नाही. येत नाही एवढंच.

मुबारकभाई रॉकेटच्या पाठीवर घोंगडी टाकतात,
"पडू दे वहिनी, पडू दे, चंदीचा खर्च तरी निघेल,"
मग ओढ्याकडे बघतात, जीभ चावतात,
"म्हणजे थोडंच. रस्त्याच्या या अंगालाच."
रॉकेट फुरफुरतो. त्याला हे पटलेलं नाही.

मैथिलीनं टाकीवर ताटलीभर पाणी ठेवलंय.
सकाळी बर्फ झाला की वर्गात न्यायचा आहे तिला,
डब्यात, रुमालात गुंडाळून.
टीव्हीवर कुठल्याशा डोंगरात
माणसं फावड्यानं दार मोकळं करत होती,
तर म्हणाली, "आपल्याकडे एवढंसंच का पडतं?"
दिगंबर भाकरी मोडत म्हणाला,
"एवढंच परवडतं म्हणून."

जेवून तो वाफ्यांवर पांघरूण घालायला गेला.
जुन्या साड्या, खताची पोती,
आणि शाळेनं मोडीत काढलेला गॅदरिंगचा पडदा :
त्याच्यावर रंगवलेला राजवाडा, दोन मोर.
आज रात्री आमची रोपं
राजवाड्याखाली झोपलीत.
उरलेल्या अर्ध्या प्लॉटला काही पुरलं नाही.

तीन वाजले. झोप नाही.
मोटार चालू झाली, म्हणजे दिगंबर फवारे सोडतोय.
पाणी उबदार असतं म्हणे, गोठण्याआधी थोडी ऊब देऊन जातं.
बोट क्लबच्या भिंतीवरचा पारा पाचावर.
मी स्टोव्ह पेटवलेला नाही.
उगाच आपल्याकडून हवा तापायला नको, असं वाटलं,
आणि मग माझं मलाच हसू आलं,
कारण कुणाच्या बाजूनं वाटलं ते कळेना.

खरं सांगू? हवंय मला ते.
तीनशे कपांसाठी हवंय, ते तर आहेच.
पण उजाडायच्या आधीची ती दहा मिनिटं,
जेट्टीच्या फळ्यांवर, गवताच्या पात्या-पात्यावर
साखर विरघळायची राहून गेल्यासारखं ते पांढरं,
इनामदार नाहीत, गाड्या नाहीत,
कशालाच भाव नाही अजून,
आणि माझी पावलं कुरकुर वाजतात
एवढाच आवाज सगळ्या तलावावर.
हे दिगंबरला सांगता येत नाही.
मोटारीच्या आवाजाकडे पाठ करून
स्वतःलाही नीट सांगता येत नाही.

जीपच्या टपावर बोट ठेवलं.
ओलं.
बोट तसंच राहू दिलं.
अजून ओलंच आहे.