सांधा

ऑगस्टचा तिसरा आठवडा. चॅलिसमधली शाळा अजून उघडलेली नाही,
माझी पिवळी बस अंगणात धूळ पांघरून उभी.
गॅरेजमधल्या टेबलावर जुना पेपर अंथरलाय
आणि त्यावर बारा दांडे. काळे, पोकळ,
उचलले तरी हात रिकामाच वाटावा असे.

इन्सर्ट म्हणजे तसं पाहिलं तर काय,
करंगळीच्या पेराएवढी धातूची नळी.
दांड्याच्या पोटात जाते, दिसेनाशी होते,
तिच्या आट्यांत पातं फिरवून बसवायचं.
दिसत नाही, म्हणूनच मागच्या वर्षी
दांड्यांबरोबर फुकट आलेल्या वापरल्या मी.
ॲल्युमिनियमच्या.
सासरे बघत होते. इंगमार बघतात फार, बोलतात कमी.

सप्टेंबरात ओढ्याच्या वरच्या अंगाला
एल्क अठ्ठावीस पावलांवर आडवा उभा, तोंडातून वाफ.
बाण सुटला आणि तो अर्धं पाऊल पुढे सरकला.
खांद्याच्या हाडावर आवाज आला
तो कपाटाचं दार आपटल्यासारखा.

दांडा सापडला. चार बोटांचं टोक त्याच्यासोबत गेलं.
तीन दिवस शोधलं. ओढ्यापर्यंत रक्त, चिमूट चिमूट,
पलीकडे फक्त दगड.
डोमकावळे उतरतील तिथे जायचं, सासरे म्हणाले.
डोमकावळे कुठेच उतरले नाहीत.
ही बातमी चांगली की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून यंदा परीक्षा.
ड्वेन खाटकाकडून गाईच्या खांद्याची चार हाडं आणली,
पेंढ्याच्या गठ्ठ्याला टेकवून उभी केली.
ॲल्युमिनियमने पहिल्याच फटक्याला मान टाकली.
पितळ जड, देखणं, पण एकदा वाकलं की वाकलं.
पोलाद वाकलं नाही,
त्याच्याऐवजी दांडाच फाटला, तोंडापासून दोन इंच,
झिजलेल्या केरसुणीसारखा पिंजारला.
टायटॅनियमच्या डझनाची किंमत वाचली आणि कॅटलॉग मिटला,
आठवड्याचा किराणा त्यात बुडाला असता.

तेव्हा सासऱ्यांनी शर्टाच्या खिशातून एक कडं काढलं.
आउटसर्ट. दांड्याच्या बाहेरून चढतं,
लहान मुलीच्या अंगठीएवढं.
"आतल्याला बाहेरून धरायला कुणी लागतं," म्हणाले,
आणि क्षणभर वाटलं, हे कार्लबद्दल चाललंय,
त्यांच्या मुलाबद्दल, माझ्या नवऱ्याबद्दल,
जो चार वर्षं अलास्काच्या बोटींवर आहे
आणि फोनवर फक्त हवामान सांगतो.

नाही. ते दांड्याबद्दलच बोलत होते.

आत पोलाद, बाहेर कडं. हाड फुटलं, बाण पलीकडे गेला,
पेंढ्यातून उपसून नखावर गरकन फिरवला,
टोक थरथरलं नाही.
वजन वाढलंय, खोटं कशाला बोलू.
चाळीस यार्डांवर बाण टीचभर खाली उतरतो.
मग तिसाच्या पुढे सोडायचाच नाही. मिटलं.

आता काम. दांड्याचं तोंड घासून सपाट,
काळी भुकटी ओल्या फडक्याने टिपायची, फुंकायची नाही.
काडीला कापूस, कापसाला स्पिरिट,
आत-बाहेर पुसून, कापूस पांढरा निघेपर्यंत.
गोंदाचे दोन भाग सारखे कालवायचे.
इन्सर्ट फिरवत फिरवत आत,
बाटलीला बूच ठोकतात तसं नाही,
झोपलेल्या बाळाच्या पायात मोजा चढवतात तसं.
मग काट्यावर. एक दांडा गुंजभर जास्त भरला,
तो सरावाला.

"पाच मिनिटांत वाळणारा गोंदही मिळतो," मी म्हणाले.
सासऱ्यांनी नुसतं हाडांच्या बादलीकडे पाहिलं.
चोवीस तास, मग.

मागच्या वर्षीचा तो दांडा पेनांच्या मगात आहे.
त्याचं एक कुसळ माझ्या तळहातात राहिलंय,
डॉक्टरीणबाईंनी दोनदा टोकरलं, हाती लागलं नाही.
बसचं चाक वळवताना, डावीकडे जरा जोरात,
कळतं.

रात्री दोनदा उठून गॅरेजचा दिवा लावला.
अकरा उभे, एक बाजूला.
हात लावला नाही.